१९७२ची कॉर्व्हेट विकायची आहे: पूर्ण दुरुस्त केलेली, काही भाग बदललेले. सल्ला हवा

उद्यमनगर | ९ जून २०२४

नमस्कार मंडळी.

तेरा वर्षं माझ्या गॅरेजमध्ये असलेली १९७२ची शेव्हरले कॉर्व्हेट स्टिंगरे कूपे या उन्हाळ्यात विकायचं ठरवलं आहे. या मंचावर अमेरिकेत जुन्या गाड्या घेतलेले-विकलेले बरेच जण आहेत, म्हणून बाहेर कुठे जाहिरात देण्याआधी इथे विचारतोय. आम्ही मिशिगनमध्ये, डेट्रॉइटच्या पश्चिमेला राहतो.

विकण्याचं कारण साधं आहे. गेल्या वर्षी डाव्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली. ही गाडी जमिनीला टेकलेली, क्लच जड. वीस मिनिटं चालवली की रात्री पाय उचलवत नाही. चालवायची नाही आणि नुसती झाकून ठेवायची, हे मला पटत नाही.

आता गाडीबद्दल. २०११च्या मार्चमध्ये एका निवृत्त कामगाराकडून साडेनऊ हजार डॉलरला घेतली. बंद पडलेली होती, ट्रेलरवर घालून आणली. रंग उडालेला, सीटच्या आत उंदरांची घरटी, पुढचे दिवे वर येत नव्हते. पण दोन गोष्टी बघून मी लगेच पैसे मोजले. एक म्हणजे इंजिन मूळचं. ब्लॉकवर पुढे, प्रवाशाच्या बाजूच्या हेडसमोर एक छोटी सपाट जागा असते, तिच्यावर कारखान्यात ठोकलेले आकडे असतात. चाळीस वर्षांचं ग्रीस पुसून पाहिलं, तर ते गाडीच्या कारखान्यातल्या क्रमांकाच्या (नंबरपाटीच्या नव्हे) शेवटच्या आकड्यांशी जुळत होते. दुसरी गोष्ट चासी. मागच्या चाकांच्या जरा पुढे चासी वर वळते, तिथे मिशिगनच्या रस्त्यावर हिवाळ्यात बर्फ वितळवायला टाकलेलं मीठ बसतं आणि लोखंड आतून पोखरतं. मी स्क्रूड्रायव्हर टोचून पाहिला. घुसला नाही.

पुढे दुरुस्तीला नऊ वर्षं लागली. २०१२ आणि २०१४ या दोन उन्हाळ्यांत अण्णा (माझे वडील) इथे होते. त्यांचं सगळं आयुष्य कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरात लेथवर गेलं. बॉडी चासीवरून उचलली ती आम्ही दोघांनी आणि शेजारच्या चौघांनी मिळून. बॉडी आणि चासीच्या मध्ये शिम, म्हणजे पातळ चकत्या असतात. कुठे किती होते हे अण्णांनी एकेक मोजून लिहून ठेवलं, कारण ते चुकले की दारं कधीच नीट बसत नाहीत. निघालेला प्रत्येक भाग त्यांनी डब्यात घातला, डब्यावर पांढरी टेप लावली आणि टेपवर आपल्या ठसठशीत अक्षरात लिहिलं. ‘डावा मागला’. ‘उजवा पुढला, वायसर ३’. ते डबे अजून माझ्या फळीवर आहेत. अण्णा २०१९मध्ये गेले.

बदल केले ते असे. मूळची चार गिअरची पेटी काढून ट्रेमेक कंपनीची पाच गिअरची बसवली, पण त्यासाठी फायबरग्लासचा बोगदा कुठे कापला नाही. मागच्या दांड्याचं गुणोत्तर ३.३६ आहे. आधी ताशी ७० मैलांवर इंजिन जवळपास ३००० फेरे मारायचं, आता २०००च्या आसपास असतं. हायवेवर शेजारच्याशी बोलता येतं. क्वाड्राजेट कार्ब्युरेटर काढून फ्युएल इंजेक्शन बसवलं. इग्निशन इलेक्ट्रॉनिक केलं, पण डिस्ट्रिब्युटर मूळचाच ठेवला, कारण या गाडीत टॅकोमीटरची केबल त्याच्यातूनच निघते. ब्रेकचे चारही कॅलिपर नवे, ओ-रिंगचे. अ‍ॅल्युमिनियमचा रेडिएटर. काढलेला एकही भाग फेकलेला नाही. रंग मूळचाच, ऑन्टारिओ ऑरेंज.

पावत्यांची बेरीज ४६,८०० डॉलर होते. माझे आणि अण्णांचे तास वेगळे.

विक्रीआधी सगळं मूळ रूपात परत करावं का? लिलावात घालावी की थेट विकावी? आणि किती मागावेत? मागच्या वर्षी एका डीलरकडे कन्साइनमेंटवर, म्हणजे त्याने विकून कमिशन घ्यायचं अशा बोलीवर, ठेवली होती. तीन महिन्यांनी परत आणली तेव्हा बॅटरी मेलेली, छताच्या काढता येणाऱ्या दोन पॅनलांपैकी एकाला आतून तडा आणि मीटरवर १४० मैल जास्त. तो रस्ता आता नको.

हडसनकाठ | ९ जून

गाडी सुंदर असणार, वाचूनच कळतंय. पण किमतीबद्दल स्पष्ट लिहितो.

पावत्यांची बेरीज बाजूला ठेवा. दोनशे हॉर्सपॉवरच्या साध्या ३५० घन इंची इंजिनाची कूपे नव्यासारखी करायला जो खर्च येतो, तो तिच्या बाजारभावापेक्षा जवळजवळ नेहमीच जास्त असतो. खरेदीदार तुमचा खर्च विकत घेत नाही, शेजारी उभ्या असलेल्या दुसऱ्या १९७२शी तुलना करून भाव लावतो. जुन्या गाड्यांचे भाव सांगणारे एक ते चार अशी प्रत लावतात. एक म्हणजे प्रदर्शनात ठेवण्याजोगी, चार म्हणजे चालणारी पण डाग दिसणारी. तुमची मला दोन आणि तीनच्या मध्ये कुठेतरी वाटते. त्या प्रतीच्या गाड्या प्रत्यक्षात कितीला गेल्या ते बघा. जाहिरातीत मागितलेले आकडे बघू नका. लिलावांचे निकाल सगळ्यांना उघड असतात, एक संध्याकाळ बसून काढलेत तर पुरे.

याच चासीवर मोठं ४५४ इंजिन किंवा एलटी-१ (३५०चंच जास्त ताकदीचं रूप) असतं तर गोष्ट वेगळी होती.

उद्यमनगर | १० जून

बरोबर आहे, आणि मला हे आधीच माहीत होतं. पैसे परत मिळावेत म्हणून मी तिच्यावर नऊ वर्षं घालवली नाहीत. फक्त कमी भावात फसून द्यायची नाही. काल रात्री बसून निकाल काढले. माझ्यासारख्या गाड्या साधारण तीस ते चाळीस हजारांच्या पट्ट्यात दिसतात. मनात ३८ धरले आहेत.

गल्फचा_वारा | १० जून

मी ह्यूस्टनला. नवऱ्याची १९६६ची मस्टँग दोन वर्षांपूर्वी विकली. सगळी पत्रं-फोन मीच बघितले, म्हणून अनुभव सांगते.

जाहिरात टाकली त्याच रात्री तीन निरोप आले. तिघांनाही गाडी बघायची नव्हती, ‘पूर्ण किंमत देतो, चेक पाठवतो, ट्रान्सपोर्टवाला येऊन घेऊन जाईल’. एकाचा बँकेचा कॅशियर्स चेक खरोखर घरी आला, तोही ठरलेल्या रकमेपेक्षा २,८०० डॉलर जास्त. वरचे पैसे ट्रान्सपोर्टवाल्याला पाठवा म्हणाला. मी चेक घेऊन ज्या बँकेचं नाव होतं तिच्या शाखेत गेले. तिथल्या बाईने बघितल्या बघितल्या सांगितलं, असा चेक आम्ही काढलेलाच नाही. मी तो माझ्या खात्यात भरला असता तर दोन दिवसांत रक्कम जमा दिसली असती, मी वरचे पैसे पाठवले असते आणि आठवड्याने चेक परत आला असता. ती भरपाई मलाच करावी लागली असती.

म्हणून माझं एकच म्हणणं आहे. व्यवहार खरेदीदाराच्या बँकेत, त्याच्यासमोर बसून करा. पैसे तुमच्या खात्यात आल्याचं तुमच्या बँकेकडून फोनवर कळेपर्यंत टायटलवर (गाडीच्या मालकीच्या कागदावर) सही करू नका. सही करताना हात स्थिर ठेवा, टायटलवर खाडाखोड झाली की पुढे फार त्रास होतो.

चाचणीसाठी चालवायला देताना त्याचा परवाना आणि विमा बघा, आणि शेजारी स्वतः बसा.

जुळलेले_आकडे | ११ जून

मी नॅशनल कॉर्व्हेट रिस्टोअरर्स सोसायटीचा सभासद आहे. १९७४पासून ही संस्था या गाड्या कारखान्यातून निघाल्या तशा ठेवण्यासाठी काम करते. आमच्याकडे परीक्षणात गाडीचा प्रत्येक बोल्ट बघतात. ९४ टक्के गुण मिळाले तर ‘टॉप फ्लाइट’ हा किताब. पाच गिअरची पेटी आणि इंजेक्शन असलेली गाडी आमच्यासाठी नाही, हे मी कडवटपणे नाही, जसं आहे तसं सांगतोय.

तरी तुमच्या लिखाणात एक गोष्ट मला फार आवडली. तुम्ही काहीही कापलेलं नाही. चाकांवर फुगवटे चढवलेल्या, बॉनेट कापून वर मोठा स्कूप बसवलेल्या गाड्या मी रोज बघतो, त्यांना परत येण्याचा रस्ताच उरत नाही. तुमच्या गाडीला तो आहे.

दोन प्रश्न. इंजिन उघडलं तेव्हा ब्लॉकचा वरचा पृष्ठभाग मशिनवर घासला का? तसं केलं की ते ठोकलेले आकडे पुसले जातात आणि मग मूळ इंजिन असूनही सिद्ध करता येत नाही. आणि पेट्रोलच्या टाकीवरचा कागद सापडला का?

उद्यमनगर | ११ जून

ब्लॉक घासलेला नाही. मशिन शॉपला आधीच लिहून दिलं होतं. अण्णांनी पट्टी आणि फीलर गेज (फट मोजायची पातळ पाती) लावून स्वतः सपाटपणा मोजला, मर्यादेत होता, म्हणून तसाच ठेवला. सिलिंडर बोर केले, पण वर हात लावला नाही. आकड्यांच्या जागेचा मोजपट्टीसकट फोटो आहे, दुरुस्तीच्या आधीचा आणि नंतरचा.

टाकीवरचा कागदही मिळाला. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी लिहितो: कारखान्यात गाडी जुळवताना काय काय बसवायचं याची यादी टाकीच्या वरच्या अंगाला चिकटवायचे. टाकी खाली उतरवली तेव्हा तो अर्धा सडलेला, तपकिरी कागद दिसला. ओढला असता तर भुगा झाला असता. ओल्या फडक्याने दोन दिवस मऊ केला, मग काचेच्या दोन तुकड्यांत दाबून वाळवला. रंग, चार गिअर आणि सेंट लुइसच्या कारखान्याचा उल्लेख वाचता येतो.

कट्ट्यावरचा_नवा | १२ जून

फार रस घेऊन वाचतोय. एक बाळबोध शंका. बॉडी फायबरग्लासची आहे ना? मग गंजाची इतकी चिंता कशाला?

उद्यमनगर | १२ जून

शंका अगदी रास्त आहे, आणि पहिल्यांदा कॉर्व्हेट घेणारे बरेच जण इथेच फसतात.

१९५३मध्ये पहिल्या ३०० कॉर्व्हेट मिशिगनच्याच फ्लिंट गावी बनल्या, तेव्हापासून बॉडी फायबरग्लासची आहे. ती गंजत नाही. पण तिच्या आत, पुढच्या काचेच्या आणि दारांच्या भोवती लोखंडी सांगाडा आहे. इथे त्याला ‘बर्डकेज’ म्हणतात, पक्ष्याच्या पिंजऱ्यासारखा दिसतो. काचेच्या कोपऱ्यांतून पाणी आत झिरपतं आणि सांगाडा आतल्या आत सडतो. बाहेरून रंग आरशासारखा, आत लोखंडाचा भुसा. बघायचं असेल तर काचेभोवतीची पट्टी काढावीच लागते. खाली चासी तर पूर्ण लोखंडीच आहे.

जाता जाता अजून एक. लोखंडी गाडीवर चुंबक फिरवून लांबी-पुट्टी शोधतात, इथे चुंबक चिकटतच नाही. त्याऐवजी चाकाच्या वरच्या पोकळीत हात घाला. या वर्षांच्या मूळ पॅनलची आतली बाजू गुळगुळीत असते. धागे हाताला लागले, खरबरीत वाटलं, तर तिथे कधीतरी अपघात होऊन हाताने थर चढवलेले आहेत. माझ्या गाडीत डाव्या दिव्याखाली तसा तळहाताएवढा भाग आहे. आधीच्या मालकाच्या काळातला.

पूर्वेचा_वाडा | १३ जून

पुण्याहून लिहितोय, माझ्याकडे १९६१ची फियाट आहे. तुमचा मूळ विरुद्ध बदललेली हा वाद आपल्याकडे तर थेट कायद्यात आला आहे. २०२१ साली केंद्राने विंटेज गाड्यांच्या नोंदणीचे नियम केले. पहिल्या नोंदणीला ५० वर्षं झालेली गाडी, आणि चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल केलेला नसावा. मग ‘व्हीए’ मालिकेचा नंबर मिळतो, फी २०,००० रुपये. तुमच्या गाडीचं वय बसतं. इंजेक्शन मात्र मला आधी उतरवावं लागलं असतं.

तुमचे ते डबे पाहिजे होते मला. माझ्या फियाटचे निम्मे भाग आधीच्या गॅरेजमधून कुठे गेले, कुणालाच ठाऊक नाही.

हडसनकाठ | १४ जून

मूळ रूपात परत आणावी का, या प्रश्नाला अजून कुणी थेट उत्तर दिलेलं नाही, म्हणून मी देतो. आणू नका. पेटी आणि कार्ब्युरेटर परत बसवायला दोन महिने जातील, गुडघ्याला त्रास होईल, आणि नंतर कार्ब्युरेटर जरा जरी गळला तर खरेदीदार म्हणेल गाडीत खोट आहे. आज ज्यांना अशी गाडी चालवायची आहे, त्यांना पाच गिअर आणि थंडीत पहिल्या चावीला सुरू होणारं इंजिन हवं असतं. ज्याला मूळ हवी असेल, त्याला डबे आहेत. दोन्ही प्रकारचे लोक येतील.

जुळलेले_आकडे | १४ जून

सहमत. आणि हे मी म्हणतोय!

फक्त मूळ भाग वेगळे विकू नका. चार गिअरच्या मूळ ‘मंसी’ पेटीला आज सुटं गिऱ्हाईक लगेच मिळेल, दीड-दोन हजार हातात येतील असं वाटेल. पण ती गेली की गाडीचा परतीचा रस्ताही गेला, आणि भावातून त्याहून जास्त कमी होईल.

उद्यमनगर | १६ जून

ठरलं. गाडी आहे तशी, डबे तिच्यासोबत.

लिलावाचाही विचार करून झाला. जानेवारीत स्कॉट्सडेल आणि किसिमीला मोठे लिलाव असतात, पण तिथवर गाडी न्यायची, वर कमिशन द्यायचं, आणि पाच मिनिटांत जे होईल ते मान्य करायचं. ब्रिंग अ ट्रेलरसारख्या ऑनलाइन लिलावात सात दिवस मिळतात, शेवटच्या दोन मिनिटांत बोली आली की घड्याळ पुढे सरकतं, आणि पाच टक्के फी घेणाऱ्याच्या माथी पडते. हा मार्ग मला वाईट वाटला नाही. पण गाडी कुणाकडे जाते ते मला समोर बघायचं आहे. म्हणून आधी क्लबच्या पत्रकात आणि स्थानिक जाहिरातीत थेट विक्री. ऑगस्टअखेर नाही गेली तर लिलाव.

आता जाहिरातीचा मजकूर लिहितोय. दोषही सगळे लिहितो आहे: डाव्या दिव्याखालची जुनी दुरुस्ती, तिथे जोडावर रंगाला आलेला वाटाण्याएवढा फुगवटा, न चालणारं घड्याळ, मुसळधार पावसात उजव्या छतपॅनलमधून ठिबकणारं पाणी, आणि डीलरकडे पडलेला तडा.

शिकागोची_सर | १६ जून

दोष विचारले तरच सांगायचे असतात ना? जाहिरातीतच पाच दोष वाचून लोक फोनच करणार नाहीत. आम्ही आमची व्हॅन विकली तेव्हा एवढं काही लिहिलं नव्हतं.

उद्यमनगर | १७ जून

रोजच्या व्हॅनचं वेगळं असतं. ती घेणारा मैल बघतो, विमा बघतो, मोकळा होतो. बावन्न वर्षांच्या गाडीसाठी तीनशे मैलांवरून येणारा माणूस खाली झोपून बघतोच. त्याला माझ्याआधी एक जरी दोष सापडला, तर बाकीच्या सगळ्या पावत्यांवरचाही त्याचा विश्वास उडेल. आणि खरं सांगायचं तर मी स्वतः २००९ ते २०११ या काळात सहा गाड्या बघायला गेलो होतो. सहाही वेळा फोनवर एक आणि समोर दुसरंच. एकदा ओहायोत पाच तास गाडी चालवून गेलो, चासीवर ताजा काळा रंग मारलेला, आणि रंगाखाली बोट दाबलं तर आत गेलं. परत येताना जी चीड आली होती, ती माझ्यामुळे दुसऱ्या कुणाला यावी हे मला सहन होणार नाही.

गल्फचा_वारा | १७ जून

शंभर टक्के. मस्टँग विकताना मीही तेच केलं. दोष वाचून जो येतो तो ठरवून येतो, उगीच भाव पाडायला येत नाही.

फोटो भरपूर टाका. खालून, चाकांच्या मागून, कार्पेट उचलून. आणि एक व्हिडिओ रात्रभर थंड पडलेल्या इंजिनाचा, चावी फिरवल्यापासून. कुणी बघायला येणार असेल तेव्हाही आधी गाडी गरम करून ठेवू नका. जाणकार माणूस पहिल्यांदा बॉनेटवर हात ठेवतो.

उद्यमनगर | ३० जून

जाहिरात टाकली, १४२ फोटो. ३८,५०० मागितले आहेत.

दिव्यांचाही व्हिडिओ घेतला, कारण प्रत्येक जण तेच विचारतो. या गाडीचे पुढचे दिवे विजेवर नाही, इंजिनाच्या व्हॅक्यूमवर वर येतात. वायपर झाकणारी पट्टीसुद्धा तशीच उघडते, आणि ती पट्टी असलेलं १९७२ हे शेवटचं वर्ष. रबरी नळीत सुईएवढं भोक असलं तरी एक दिवा आधी उघडतो, दुसरा सावकाश मागून येतो. नळ्यांचं हे जाळं बदलायला मला एक अख्खा हिवाळा लागला. आता दोन्ही एकदम उघडतात. ते बघताना मला अजूनही तितकाच आनंद होतो.

उद्यमनगर | २१ जुलै

तीन आठवड्यांत अकरा फोन आले. चेकवाले दोन होते, गल्फचा_वारा यांचं वाचलेलं असल्यामुळे लगेच ओळखले. एकाने न बघताच २४ हजार सांगितले. एक तरुण मुलगा तीनदा आला, दरवेळी तासभर बसला, पण त्याच्याकडे तेवढे पैसे नाहीत हे त्याने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. त्याला मी चासीवरच्या शिमची वही दाखवली. तो पुढे नक्की कधीतरी एखादी घेईल.

मिशिगनवासी | २२ जुलै

शेजारच्याच गावातला आहे. १७ ऑगस्टला वुडवर्ड ड्रीम क्रूझ आहे ना! १९९५पासून दर ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी सगळा वुडवर्ड अ‍ॅव्हेन्यू जुन्या गाड्यांनी भरतो. तुमची ‘हिस्टॉरिक’ (जुन्या गाड्यांसाठीची) नंबरपाटी असेल तर ऑगस्टभर ती कुठेही फिरवायला मुभा आहे, एरवीसारखं क्लब आणि प्रदर्शनापुरतं बंधन नाही. काचेवर कागद लावा आणि उभी करा. मी सोबत येतो, क्लच मी दाबतो.

उद्यमनगर | २२ जुलै

मनापासून आभार. नक्की या.

उद्यमनगर | १८ ऑगस्ट

काल गेलो होतो. मिशिगनवासी यांनी येता-जाता गाडी चालवली, मी पहिल्यांदाच तिच्या उजव्या सीटवर बसलो. सकाळी सातला बर्मिंगहॅमच्या जवळ जागा मिळाली. छताची दोन्ही पॅनलं आणि मागची काच काढून ठेवली होती, तीही काढता येणारं हे शेवटचंच वर्ष. दिवसभरात किती जण थांबले मोजले नाहीत. बहुतेकांना विकत घ्यायची नव्हती, आठवणी सांगायच्या होत्या.

दुपारी एक गृहस्थ मुलीला घेऊन आले. टोलेडोचे, इलेक्ट्रिशियन, वय साठीच्या आत. त्यांनी जाहिरात आधीच वाचली होती. काही न बोलता डाव्या दिव्याखाली वाकून तो फुगवटा बघितला आणि म्हणाले, “लिहिलाय तेवढाच आहे.” पुढच्या शनिवारी तपासणीसाला घेऊन घरी येणार आहेत.

उद्यमनगर | २५ ऑगस्ट

काल तपासणी झाली. गाडी ओळखीच्या गॅरेजमध्ये लिफ्टवर घेतली, दोन तास. आठही सिलिंडरचं कॉम्प्रेशन मोजलं, सगळ्यात जास्त आणि सगळ्यात कमी यांत फरक अगदी थोडा. चासीवर हातोडी वाजवली, आवाज सगळीकडे स्वच्छ. आकड्यांच्या जागेचे फोटो घेतले, टाकीवरचा कागद वाचला.

आणि एक दोष सापडला, जो मी लिहिला नव्हता. मागचं उजवं चाक वर-खाली धरून हलवलं तर किंचित खेळ आहे. आतल्या बेअरिंगचा. मला खरंच माहीत नव्हतं, मी तिथल्या तिथे तसं सांगितलं आणि माफी मागितली. ते बेअरिंग शिम लावून बसवायचं नाजूक काम असतं, विशेष प्रेस लागतो. तपासणीसाने खर्च सांगितला, मी तेवढा आणि वर थोडा, असे ९०० कमी केले. त्यांनी आणखी घासाघीस केली नाही. ३७,६०० वर हात मिळवले.

हडसनकाठ | २५ ऑगस्ट

अभिनंदन! फार चांगला भाव आला.

कराचंही डोक्यात असू द्या. मूळ खरेदी आणि सुधारणांच्या पावत्या मिळून तुमचा खर्च विक्रीपेक्षा जास्त आहे, त्यामुळे नफा नाही आणि त्यावर करही नाही. पण खासगी गाडीवरचा तोटाही वजा करता येत नाही. पावत्या खरेदीदाराला देण्याआधी स्वतःसाठी सगळ्यांची प्रत काढून ठेवा.

उद्यमनगर | १ सप्टेंबर

शुक्रवारी गाडी गेली. सकाळी त्यांच्या बँकेत बसलो, वायरने (थेट बँकेतून बँकेत) पैसे आले, माझ्या बँकेने फोनवर खात्री केली, मग सही. पाटी मी काढून ठेवली, ती मालकाचीच राहते.

डबे भरायला घेतले तेव्हा त्यांची मुलगी टेपवरची अक्षरं बघत बसली. तिला वाटलं ही काही सांकेतिक खूण आहे. मी म्हटलं, माझ्या वडिलांनी लिहिलंय, मराठीत. टेप बदलून इंग्रजीत लिहून देतो, दहा मिनिटं थांबा. ती म्हणाली, “नको, काढू नका. प्रत्येकावर काय लिहिलंय तेवढं सांगा.” मग आम्ही दोघं गॅरेजच्या जमिनीवर बसलो. मी एकेक डबा वाचत गेलो, ती वहीत लिहीत गेली. एकेचाळीस डबे. ‘ळ’ हे अक्षर तिने मला तीनदा म्हणायला लावलं.

ट्रेलर वळणावर गेला तेव्हा सौ. बाहेर आली आणि माझ्याजवळ उभी राहिली. मी काही बोललो नाही.

पूर्वेचा_वाडा | १ सप्टेंबर

वाचून डोळ्यांत पाणी आलं. अण्णांना नमस्कार.

शिकागोची_सर | २ सप्टेंबर

जूनमध्ये मी दोष लपवण्याबद्दल लिहिलं होतं. आज सगळा धागा परत वाचला. तुमचं बरोबर होतं.

उद्यमनगर | २९ सप्टेंबर

टोलेडोहून फोटो आला. बेअरिंगचं काम झालं आहे. त्यांच्या गॅरेजमध्ये फळीवर सगळे डबे ओळीने लावले आहेत, पांढऱ्या टेप तशाच, प्रत्येकीच्या खाली मुलीने इंग्रजी चिठ्ठी चिकटवली आहे.

सोबत एक प्रश्न होता. ‘उजवा पुढला, वायसर ३’ या डब्यात त्यांना दोनच वायसर मिळाले. मी काल सगळं गॅरेज शोधलं. तिसरा बाकाच्या खालच्या खणात, अण्णांच्या फीलर गेजच्या डबीत निघाला. उद्या पोस्टाने पाठवतोय.